वारशात आलेली शिकारी रायफल: कोणी घडवली आणि मोल किती

जुन्या पेटीतून निघालेली रायफल भरलेलीच आहे असं धरून चाला. "इतक्या वर्षांत हिला कोणी हात लावलेला नाही" असं घरातले छातीठोकपणे सांगतात, आणि भीती वाटायला तेवढंच कारण पुरतं. ज्यानं ती शेवटची ठेवली त्यानं रिकामी करून ठेवली होती का, हे सांगायला आता कोणी नसतं. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब. आधी मॅगझिन (काडतुसं साठवायची जागा) रिकामं करा, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) मागे ओढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) उजेडात नीट पाहा आणि करंगळीनं चाचपून घ्या. बोल्ट गंजून बसला असेल तर जोर लावू नका, हातोडी तर नकोच. जाणकाराला तिथे बोलवा.

दोन चाप एकामागे एक दिसले तर जास्त जपा. मध्य युरोपीय धाटणीच्या रायफलींत मागचा चाप ओढला की पुढचा इतका हलका होतो की बोट टेकताच सुटतो. तो चढवलेला असेल तर रायफल रिकामी असल्याची खात्री करून मागचा चाप ओढून धरतात, पुढचा दाबतात आणि मग मागचा हळूच सोडतात. आधी कधी केलं नसेल तर हेही दुसऱ्याकडून करून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. मालमत्ता वारशानं मिळाली म्हणून ती बाळगायचा हक्क आपोआप मिळतोच असं नाही. कुठे परवाना लागतो, कुठे ठराविक मुदतीत कळवावं लागतं, कुठे तोवर शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावं लागतं. आपल्याकडचा नियम आधी विचारून घ्या आणि त्यानंतरच रायफल घराबाहेर न्या. पहिल्या अंदाजाला फोटोही पुरतात.

आता माझ्या कामाबद्दल. मी बंदुकांचे लाकडी दस्ते दुरुस्त करते. तुटलेला दस्ता घेऊन येणारा माणूस हमखास विचारतो, "ताई, विकली तर किती येतील?" त्यातूनच वारसदारांना मोल काढून देण्याचं काम माझ्याकडे यायला लागलं. सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "तुमच्याकडे आणायची म्हणून पुसून-घासून चकचकीत केली." ते ऐकलं की मी आधी खुर्चीत बसते. पॉलिश पेपरनं उडालेलं मूळ ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) आणि वॉर्निशखाली गेलेला मूळ तेलाचा थर परत आणता येत नाही. जुन्या रायफलीच्या किमतीतला मोठा वाटा याच दोन गोष्टींत असतो. मऊ फडक्यानं धूळ पुसा, लोखंडावर बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवा आणि थांबा. स्क्रू उघडू नका. बाजारातला साधा स्क्रूड्रायव्हर खाचेत नीट बसत नाही, खाचेच्या कडा उचकटतात, आणि जाणता गिऱ्हाईक सगळ्यात आधी त्या खाचाच बघतो.

हिची कंपनी कोणती?

हा प्रश्न कारखान्यातून आलेल्या रायफलीला ठीक आहे. मागणीनुसार घडवलेल्या रायफलीत ॲक्शन (काडतूस भरणारी-उडवणारी लोखंडी यंत्रणा) एकाची, नळी दुसऱ्याची, दस्ता तिसऱ्याचा आणि कोरीवकाम चौथ्याचं असू शकतं. नळीवर एक नाव, रिसीव्हरवर (नळी जिथे बसते त्या ॲक्शनच्या मुख्य सांगाड्यावर) दुसरं, असं दिसलं की वारसदारांना फसवणुकीचा वास येतो. पुष्कळदा तसं काही नसतं. जॉन रिग्बी या ब्रिटिश बंदूककारांनी त्यांच्या नावाजलेल्या बोल्ट रायफली जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या माउझर ॲक्शनवरच बांधल्या. तिथे दोन्हीकडच्या खुणा सापडणं योग्यच. म्हणून प्रत्येक भागाला स्वतंत्र प्रश्न विचारायचा आणि उत्तरं वेगवेगळी लिहून ठेवायची.

ॲक्शनपासून सुरुवात करा. बोल्टच्या उजव्या अंगाला लांबलचक पट्टीसारखा एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी बाहेर ओढणारा भाग) आणि मागच्या टोकाला तीन जागी फिरणारी पंखासारखी सेफ्टी असेल, तर ती १८९८ च्या माउझरची किंवा तिच्या वंशातली असण्याची दाट शक्यता. पुढचा प्रश्न: सैन्याची की शिकारीसाठीच बनवलेली? सैनिकी ॲक्शनच्या डाव्या भिंतीत बहुधा अंगठ्यासाठी खाच असते, आणि रिसीव्हरच्या माथ्यावर देशाचं चिन्ह किंवा ते घासून काढल्याची किंचित सपाट जागा. सैनिकी म्हणजे हलक्या दर्जाची असं समजू नका. अर्जेंटिनाची १९०९ ची माउझर ॲक्शन उत्तमोत्तम कारागिरांनी आवडीनं वापरली. तिच्या मॅगझिनचा तळ बिजागरीवर उघडतो, ते त्यांना हवंच असायचं. रिसीव्हरचे पुढचा-मागचा दोन्ही पूल (बोल्टवरून जाणारे कमानीसारखे भाग) माथ्यावर चौकोनी आणि सपाट असतील, तर मात्र ती दुर्मिळ ॲक्शन असू शकते; जाणकाराला फोटो पाठवण्याआधी कोणाला काही विकू नका.

अमेरिकी १९०३ स्प्रिंगफील्डवर बांधलेल्या रायफलीही पुष्कळ. त्यांचा क्रमांक वाचणं सुरक्षिततेचा मामला आहे. स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराचे ८,००,००० च्या आतले आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ च्या आतले रिसीव्हर जुन्या पद्धतीनं तापवून कडक केलेले आहेत. त्यातले काही ठिसूळ निघाले आणि फुटले. अशी रायफल भिंतीवर शोभते, तिनं बार काढू नये. विंचेस्टर मॉडेल ७० असेल तर साल महत्त्वाचं: मॉडेल १९३६ चं, आणि १९६४ मध्ये कंपनीनं रचनेत आणि कामात काटकसर केली. त्याआधीच्या ॲक्शनला आजही वेगळा भाव मिळतो. बोल्टचा दांडा लोण्याच्या सुरीसारखा चपटा, मॅगझिन आतल्या आत गोल फिरणारं आणि दस्ता थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेला, असं एकत्र दिसलं तर ऑस्ट्रियाच्या मानलिखर-शोनाउअरचा विचार करा. दुनळी रायफल निघाली तर हे पान बाजूला ठेवा आणि सरळ तज्ज्ञाकडे जा.

ठसे

भिंग आणि तिरपा उजेड घ्या. युरोपात बनलेली जवळजवळ प्रत्येक नळी सरकारमान्य चाचणीघरात जादा दाबाचं काडतूस उडवून तपासली जायची, आणि त्याचे ठसे नळीवर, रिसीव्हरवर, बोल्टवर राहायचे. लंडनच्या बंदूककार मंडळाला सनद १६३७ मध्ये मिळाली, बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ चं. दोघांच्याही ठशांत अक्षरांवर मुकुट असतो. बेल्जियमच्या लिएज शहराचा ठसा म्हणजे अंडाकृती चौकटीत ई-एल-जी ही तीन अक्षरं. जर्मन ठशांत आधी मुकुटाखाली एकेक अक्षर असायचं. १९४० च्या आसपास मुकुटाच्या जागी गरुड आला.

जर्मन नळ्या मला विशेष आवडतात, कारण त्या आपली जन्मतारीख सांगतात. दस्त्याखाली झाकलेल्या भागावर '४.३७' असे आकडे दिसले तर एप्रिल १९३७. युद्धानंतरच्या पश्चिम जर्मन नळ्यांवर आकड्यांऐवजी दोन अक्षरं येतात: ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, सी म्हणजे दोन असं मोजत गेलं की 'एच-सी' म्हणजे ७२. ही तारीख नळीच्या चाचणीची असते, अख्ख्या रायफलीची नव्हे. तिसाच्या दशकातल्या ॲक्शनवर साठच्या दशकात नवी नळी चढवल्याची उदाहरणं सर्रास मिळतात.

अमेरिकेत असं सरकारी चाचणीघर नाही. त्यामुळे नळीवर एकही चाचणी ठसा नसणं हीसुद्धा माहितीच आहे: काम तिकडचं असू शकतं.

कारागिराचं नाव नळीच्या माथ्यावर दिसलं तर बरंच. नसलं तर ते झाकलेल्या जागी शोधावं लागतं. नळीचा खालचा भाग, दस्त्यातली नळीची खाच, दस्त्याच्या मागच्या टोकाच्या पट्टीखालचं लाकूड, मुठीच्या टोपीची आतली बाजू. आमच्या धंद्यातल्या लोकांना आपलं नाव लपवून लिहायची खोड असते. पेन्सिलीनं नाव, साल, कधी गिऱ्हाइकाबद्दल एखादा शेराही. पण त्यासाठी दस्ता उतरवावा लागतो, म्हणून ते काम खाचेत नीट बसणारे स्क्रूड्रायव्हर असलेल्या बंदूककाराकडूनच करून घ्या आणि उघडल्या उघडल्या फोटो काढायला सांगा.

नाव सापडलं म्हणजे ते खरं ठरलं असं नाही. मोठं नाव कोरून घ्यायला फार खर्च येत नाही. हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स अशा जुन्या ब्रिटिश घराण्यांकडे क्रमांकवार वह्या आहेत. १९२३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या ग्रिफिन अँड हाउकडेही जुन्या नोंदी आहेत. क्रमांक कळवला आणि फी भरली की कोणासाठी, कधी, कोणत्या काडतुसाची रायफल बनली याचं पत्र मिळू शकतं. त्या पत्रातलं वर्णन हातातल्या रायफलीशी जुळलं, तर किमतीतला सगळ्यात मोठा प्रश्न सुटला.

काडतूस: इथे अंदाज चालत नाही

नळीवर लिहिलेलं काडतूस आणि चेंबरमध्ये खरोखर बसणारं काडतूस एकच असेल असं गृहीत धरू नका. हौशी शिकारी चेंबर रुंदावून घ्यायचे, स्वतःची काडतुसं बनवायचे, आणि जुना शिक्का तसाच राहायचा. .२५-०६ आज सगळ्यांना ठाऊक आहे, पण रेमिंग्टन कंपनीनं ते बाजारात आणलं १९६९ मध्ये. त्याआधी ते घरच्या घरी घडवलेलं काडतूस होतं. .३५ व्हेलन १९२२ चं, कारखान्यात आलं १९८८ ला. उलट एकाच काडतुसाला दोन नावंही असतात: .२७५ रिग्बी म्हणजे जर्मनांचं ७×५७.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे जुनं ८×५७. याचे दोन प्रकार आहेत. जुन्यातली गोळी सुमारे ८.१ मिलिमीटरची, नंतरच्या 'एस' लिहिलेल्यातली सुमारे ८.२ मिलिमीटरची. जाड गोळी अरुंद नळीत घातली तर दाब भलताच चढतो. फरक डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून चेंबरचा साचा काढतात. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू ७० ते ८८ अंशांच्या दरम्यान वितळतो. तो चेंबरमध्ये ओतायचा, गोठला की ढकलून काढायचा आणि तासाभरानं मोजायचा, कारण तो आधी आकसतो, मग फुगतो आणि त्या सुमाराला चेंबरच्या मापाशी जुळतो. काम बंदूककाराचं आहे, वेळखाऊ नाही. ते होईपर्यंत रायफलीतून एकही बार नको, "फक्त एकदा चालवून बघू" म्हणूनसुद्धा नको.

दस्ता

इथे मी रेंगाळणार. मोठं नाव नसलेल्या रायफलीचंही काम कुठल्या दर्जाचं आहे हे दस्ता सांगतो, आणि त्यात लबाडी करणं सगळ्यात अवघड.

लाकडाचा रंग नंतर पाहा, आधी रेषा पाहा. मुठीपाशी, जिथे दस्ता सगळ्यात बारीक होतो, तिथे लाकडाच्या रेषा मुठीच्या वळणाबरोबर वाहत गेल्या पाहिजेत. देखणी नक्षी मागच्या रुंद भागात हवी, मुठीत लाकूड सरळ आणि बळकट हवं. सगळी नक्षी मुठीत घेऊन बसलेला दस्ता घडवणाऱ्याला लाकूड कळत नव्हतं, एवढं मी फोटोवरूनही सांगते. सर्कॅशियन, फ्रेंच, इंग्लिश अशी भारदस्त नावं ऐकू येतील. ते सगळं एकाच जातीच्या अक्रोडाचं लाकूड आहे, आपण खातो त्याच अक्रोडाचं. अमेरिकी काळा अक्रोड वेगळा, जास्त सरळ आणि बहुधा एकरंगी तपकिरी.

मग लोखंड आणि लाकूड भेटतं ती रेघ. चांगल्या कामात तिथे कागदही जात नाही, आणि लोखंड लाकडातूनच उगवल्यासारखं वाटतं. रिसीव्हरच्या मागच्या शेपटीपाशी मात्र केसभर मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते. ती नसेल तर धक्क्यासरशी लाकूड चिरतं, म्हणून शेपटीमागे बारीक चीर आहे का ते भिंगानं पाहाच. नळीच्या खाचेत काळपट राळ भरलेली दिसली तर घाबरू नका. पुष्कळ उत्तम रायफली नेम स्थिर राहावा म्हणून तशा बसवल्या आहेत.

मुठीवरच्या चौकटीच्या नक्षीला चेकरिंग म्हणतात. पट्टी ठेवून एका इंचातल्या रेषा मोजा. १८-२० असतील तर साधं किंवा कारखान्याचं काम, २४ च्या पुढे गेलं की हात सराईत. पण मोजण्यापेक्षा कडा पाहा: रेषा चौकटीबाहेर सटकली आहे का, आणि ती चूक झाकायला कडेनं रुंद किनार कोरली आहे का? हिऱ्यासारखे दाणे टोकदार आहेत, की कोणीतरी दस्ता घासून पुन्हा पॉलिश करताना बोथट झालेत? दाणे वर येण्याऐवजी आत दबलेले असतील तर ते यंत्रानं दाबलेलं काम. तशी नक्षी साठच्या दशकात कारखान्यांनी आणली.

फॅशनही काळ सांगते. पांढऱ्या पातळ चकत्या, चकाकता थर, गालाखाली उंच उठाव: पन्नास-साठचं दशक. आबनुसाचं टोक, तेलाचा मंद पोत, साधी सरळ रेघ: त्याच्या आधीची किंवा खूप नंतरची चव. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. ते ३४-३६ सेंटिमीटरपेक्षा खूप कमी-जास्त असेल, तर दस्ता एका विशिष्ट माणसाच्या बांध्यासाठी बनला होता किंवा नंतर कापला गेला. मागे रबराची नवी गादी दिसली तर कापलेला असण्याचा संशय आधी घ्या.

लोखंडाचं काम लवकर आटोपते. हळूहळू गंज चढवून केलेलं जुनं ब्लूइंग मंद, रेशमी दिसतं. गरम क्षारांत बुडवून केलेलं जास्त चमकदार. नळीवर डाकानं बसवलेली पट्टी असेल तर गरम क्षार तो डाक खातात, म्हणून तिथे चमकदार ब्लूइंग म्हणजे धोक्याची घंटा. नंतर पाडलेली जास्तीची भोकं आणि कापून आखूड केलेली नळी भाव पाडतात. हाताच्या कोरीवकामात रेषेची खोली कमी-जास्त होते, दाबलेल्या नक्षीत ती सगळीकडे सारखी. नळी आतून उजेडात पाहा. जुन्या काडतुसांच्या ठिणगी देणाऱ्या टोप्यांतला क्षार ओलावा ओढतो आणि बाहेरून नवी दिसणारी रायफल आतून खड्ड्याखड्ड्यांची निघते.

घर धुंडाळा

रायफलीपेक्षा जास्त वेळ यात घाला. बिलं, कारागिराशी झालेला पत्रव्यवहार, काडतुसं भरायचे साचे, दारूच्या वजनांच्या नोंदी असलेली वही, सुटी दुर्बीण आणि तिचे आधार, मूळ पेटी, जुने फोटो. साच्यावर काडतुसाचं नाव कोरलेलं असतं, त्यानं कितीतरी कोडी सुटतात. "ही एका संस्थानिकानं आजोबांना भेट दिली" ही कथा लिहून ठेवा, सांगणाऱ्याच्या नावासकट. पण कागद नसेल तर गिऱ्हाईक त्या कथेचे वेगळे पैसे देत नाही. माशीचा (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेचा) पांढरा मणी किंवा जडावाचं काम हस्तिदंताचं वाटलं तर विक्रीआधी तपासून घ्या. आफ्रिकी हत्तीच्या हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय १९८९ मध्ये झाला, आणि देशोदेशीचे नियम त्याहून कडक असू शकतात.

आता किंमत

वारसदारांना सगळ्यात कडू लागतं ते हे: घडवायला जितका खर्च आला, तितके विकताना बहुतेक वेळा येत नाहीत. दागिना मोडताना घडणावळ जशी जाते, तसंच. लाकूड, ॲक्शन, नळी यांचा भाव येतो. कारागिराच्या शेकडो तासांचा भाव तो कारागीर ओळखीचा असेल तरच. त्यात रायफल एका माणसाच्या हाताच्या लांबीची आणि त्याच्या आवडत्या, कदाचित आता न मिळणाऱ्या काडतुसाची. सहज मिळणाऱ्या काडतुसाला गिऱ्हाइकं जास्त. .३७५ हॉलंड अँड हॉलंड १९१२ चं असूनही आजही खपतं. कोणा हौशानं स्वतः आखलेल्या काडतुसाची रायफल त्याच्या मित्रांपलीकडे फारशी कोणाला नको असते.

दोन आकडे काढा. पहिला तळाचा: ॲक्शन, दुर्बीण, आधार सुटे विकले तर काय येईल. बिननावाच्या चांगल्या रायफलीचा भाव या तळाच्या फार वर जात नाही, आणि हे कोणी तोंडावर सांगत नाही. दुसरा तुलनेचा: त्याच कारागिराच्या, तशाच अवस्थेतल्या रायफली लिलावात प्रत्यक्षात कितीला गेल्या. विक्रेत्यांच्या यादीतला मागितलेला भाव बाजूला ठेवा, तो त्यांची इच्छा आहे. लिलावाचा आकडा वाचतानाही त्यात खरेदीदाराचा अधिभार धरलाय का ते पाहा, आणि विकणाऱ्याच्या हातात कमिशन वजा जाऊन काय पडतं ते मोजा.

मोल काढणाऱ्याला आधी विचारा: तुम्ही ही विकत घेणार आहात का? हो म्हणाला तर तो देऊ करतोय ती खरेदीची किंमत, मूल्यमापन नव्हे. किमतीच्या टक्क्यांत फी मागणाराही नको. फी ठरलेली हवी. लेखी कागदावर हेतू लिहून घ्या. विम्यासाठी काढलेलं मोल नव्यानं घडवून घ्यायच्या खर्चावर असतं, म्हणून चढं. भावंडांत वाटणीसाठी बाजारभाव धरतात. विम्याचा आकडा वाटणीत वापरला की रायफल ज्याच्या वाट्याला येते तो नुकसानीत जातो, आणि भांडण पुढची पिढी चालवते.

कागदावर क्रमांक, ॲक्शन, काडतूस (साचा काढून ठरवलं की नुसतं शिक्क्यावरून, तेही), नळीची लांबी, दोष, तारीख आणि फोटो असू द्या. फोटो ढगाळ उजेडात, फ्लॅशशिवाय: दोन्ही बाजू पूर्ण, प्रत्येक ठसा जवळून, मुठीचं चेकरिंग, शेपटीमागचं लाकूड, नळीचं तोंड आणि प्रत्येक खरचटा. दोष लपवलेला फोटो बघून आलेली किंमत रायफल हातात घेतल्यावर खाली येतेच.